पाइपाला लावलेला कान

मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर
वैशाख, सन १९९४

सोयरे जोतीराव आबांस पळसदेवहून श्रीपतीचा हात जोडून रामराम. इकडं सगळी खुशाल. धरणाचं पाणी हटल्यानं देऊळ पार पायऱ्यांसकट उघडं पडलंय, आंबा यंदा बेताचाच. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंना नमस्कार. (तुमचे चिरंजीव विजयसिंहराव घरी पोचले असतील. त्यांची सर्दी कशी आहे हे आत्ताच विचारत नाही. ते ओघानं येईल.)

तुम्ही लिहिलं होतं, की आपल्या नातीला, पायलला, दहावीनंतर बारामतीला सायन्सला घालायचं म्हणता, पण तिला ते खरंच कळतं का नुसतं पाठ आहे, हे तिचा मामा येऊन बघेल. कळत असेल तर बारामतीत तुमच्याच घरी राहील, नसेल तर इकडंच शिवणक्लास काही वाईट नाही. रास्त आहे. तुम्ही बैलसुद्धा औताला जुंपून बघितल्याशिवाय घेत नाही. पण पोरीनं धसका घेतला आणि आठ दिवस घरात लहरींशिवाय दुसरा विषय नाही. मी तिची पुस्तकं तिच्याआधी वाचून काढली. (मला कळलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय जेवण जात नाही, हा माझा जुना आजार.)

विजयसिंहराव आले, चहा झाला. पायलनं गाणं लागलेला ट्रान्झिस्टर पितळी डब्यात घालून झाकण घट्ट लावलं, तर गाणं बंद! मग गजराचं घड्याळ घातलं, तर त्याची किणकिण बाहेर येतेच. कारण आवाज पितळेलाच थरथरवून पलीकडं जातो. रेडिओची लहर मात्र धातूच्या दारातच अडते. आमच्या मंडळींना, रंगूबाईंना, हे फार पटलं. म्हणाल्या, "डब्यात घातलं की बातम्या बंद व्हत्यात व्हय? मग पाव्हणं, आदी ह्यास्नीच घाला."

इथवर सगळं झकास. पुढचा प्रयोग मी सुचवलेला.

उन्हाळ्यात पाणी मागं जाईल तशी आम्ही मोटार खाली नेतो आणि लोखंडी पाइप जोडत जातो. एवढ्या लांब हाक पोचत नाही, म्हणून रिवाज असा, की शेतातून पाइपावर पहारीचे दोन ठोके दिले की खाली मोटारीपाशी बसलेल्या आमच्या गड्यानं, अप्पानं, मोटार चालू करायची, एक दिला की बंद. म्हटलं, याच पाइपावर लहरी दाखवू. पायल मध्यावर पहार घेऊन उभी, आणि विजयसिंहराव हौदापाशी पाइपाच्या तोंडाला कान लावून. ठोका एक, पण ऐकू येतात दोन. एकाच लग्नघरातून फटफटी आणि बैलगाडी एकदम निघाली, तर शेजारच्या वस्तीवर मागोमाग पोचतात. इंदापुरात मात्र फटफटीवाला जेवून पान खाऊन बसला तरी गाडीचा पत्ता नसतो. लोखंडातून येणारा आवाज ही फटफटी, हवेतून येणारा ती बैलगाडी. भूकंपाचंही तसंच: जमिनीतून आधी पळणारी लहर येते, मागून खरी घुसळणारी, मधल्या वेळावरून जाणते लोक सांगतात, धक्का किती लांब बसला. (गेल्या विसर्जनानंतर पहाटे किल्लारीकडच्या भूकंपानं आमचीही भांडी वाजली, तेव्हापासून पोरीला हा नाद.)

ठोका पडला. मामांना दोन ऐकू आले. खूश होऊन त्यांनी हात वर केला: पुन्हा एकदा! पायलनं पुन्हा हाणला. आता आबा, एक आणि एक किती? आमच्या अप्पाचं गणित पक्कं आहे. सगळ्या वस्तीला प्रयोगाचं सांगितलं होतं, अप्पाला तेवढं सांगायचं राहिलं. (ते काम माझ्याकडं होतं.)

पाइपात घरघर झाली. मामा बोट उंचावून म्हणाले, "थांबा, काहीतरी येतंय." ते आलं.

रंगूबाई बांधावरून ओरडल्या, "अगं बया! पाव्हण्यांनी आत्ताच तर आंगूळ केली हुती!" मामांचा चष्मा हौदात, मामा गुडघ्यावर. म्हटलं, गेली पोरीची बारामती. तेवढ्यात पायल पहार टाकून धावत आली आणि मामांना म्हणते, "मामा, पानी यायच्या आदी घरघर आयकू आली न्हवं? तीच फटफटी! तवाच कान काढायचा हुता."

मामांनी हौदात हात घालून चष्मा शोधला आणि निथळतच डोळ्यांवर चढवला. मग एवढंच म्हणाले, "आबांना सांगतो," आणि माझं धोतर नेसून एस्टीत बसले. काय सांगणार ते बोलले नाहीत, म्हणून हे पत्र. आबा, मामा भिजले तो माझा गाढवपणा. पण ते घरघरीचं कुठल्या पुस्तकात नाही, मी सगळी वाचलीत. ते पाठ केलेलं नव्हे. एवढं पदरात घ्या.

तुमचा,
श्रीपती

ता. क. विजयसिंहरावांची पँट वाळली. धोतराची घाई नाही.

ता. क. दुसरा. तो ट्रान्झिस्टर म्हणजे तुम्ही दिवाळीला दिलेलाच. हौदाच्या कठड्यावर होता. आता डब्याबाहेरही गप्पच असतो.

ता. क. तिसरा. हे पत्र म्हणजे नुसती घरघर समजा. पायल ट्रंक घेऊन सोमवारच्या सकाळच्या एस्टीनं निघतेच आहे. कान काढा आणि दार उघडा.