मला न येणारी गोष्ट

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

संस्थेच्या कार्यवाहांना शिक्षकांचे सगळे आराखडे हवेत. पुढच्या सोमवारपर्यंत, एकोणीसच्या एकोणीस. मुख्याध्यापक दशरथ सरांनी पावणेदोनला पक्कं केलं — जिन्यात, मागेपुढे बघत.

कारणही त्यांनीच सांगितलं. जूनपासून आठवीची एक तुकडी बंद होणार. म्हणजे एक माणूस कमी. "कोण, ते आराखडे वाचून ठरवू म्हणतात."

म्हटलं, "सर, मी ते फक्त माझ्यापुरते लिहून घेतलेत. सगळ्यांना शब्द दिलाय."

"बाई, शाळा संस्थेची, कपाट संस्थेचं. शब्द तेवढा तुमचा."

बातमी आधी लिहायची, घाबरायचं नंतर. शाळेत येण्याआधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर चौदा वर्षं हेच केलं. बातमी लिहून झाली. आता घाबरायचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी पहिल्यांदा कपाट उघडून कागद मोजले. एकोणीस. मधल्या सुट्टीत परत मोजले. काय कमी होणार होतं!

आमच्याकडे आराखड्याचा रिवाज सोपा होता. वर्षाचे पन्नास तास प्रशिक्षण, त्यासाठी प्रत्येक शिक्षकाने स्वतःचा आराखडा करायचा — मला काय येतं, काय येत नाही, ते कोणाकडून आणि कधी शिकणार. ऑफिसात एक नमुना आहे. 'नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धतींचा अवलंब करणे.' आठ वर्षं सगळ्यांनी तेवढंच उतरवलं. पीटीच्या सरांनीसुद्धा!

जूनमध्ये मी पर्यवेक्षिका झाले आणि मला खाज. प्रत्येकाला अर्धा तास बसवलं. सांगितलं, नमुना विसरा. 'मला न येणारी गोष्ट' ह्या रकान्यात एक खरं वाक्य लिहा. कपाटाबाहेर जाणार नाही. हळूहळू लिहिलं लोकांनी. एकीने लिहिलं, मुलं ओरडली की मला रडू येतं. एकाने लिहिलं, निबंध न वाचताच मार्क देतो. त्यातल्या बऱ्याच जणांचं शिकणं सुरूही झालं, एकमेकांच्या वर्गात बसून.

एकोणिसातलं एक वाक्य मात्र मला आज वाचवेना. लिनेटचं. 'मला आठवीची भूमिती शिकवता येत नाही.'

लिनेट आठवीलाच गणित शिकवते. सोळा वर्षं.

आणि ते वाक्य तिचं नाही. माझं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कपाटाची किल्ली पर्समध्ये ठेवायचे. आज ब्लाउजमध्ये ठेवली. भाजीवाल्याला पैसे देताना तीच पुढे केली. "आंटी, इससे क्या खुलेगा?"

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कसं झालं ते एकदा नीट लिहून काढते. पळवाट नको.

ऑगस्टमध्ये लिनेटने स्वतःच्या हाताने असं काहीसं लिहिलं होतं — आठ वर्षांपूर्वी आठवीला त्रिकोणांची एकरूपता शिकवताना एका मुलीने विचारलं, दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन सारखा असला की त्रिकोण एकरूप, ही बाकोबा कसोटी. मग कोन मधला नसला तर? बाबाको कसोटी का नाही? मला सांगता आलं नाही. नाही म्हणजे नाही, असं म्हणून मी तिला खाली बसवलं. तेव्हापासून तो धडा आला की छातीत धडधडतं, म्हणून हल्ली तो निहार सर घेतात आणि मी त्यांची सातवीची उजळणी घेते. बाकी सगळं नीट जमतं.

सात ओळी. रकाना दोन ओळींचा. माझ्यातली जुनी उपसंपादक जागी झाली. मुलगी कापली. धडधड कापली. ही अदलाबदल वेळापत्रकात नाही म्हणून निहारचं नाव कापलं. 'बाकी सगळं नीट जमतं' — ही तर शेपूट, ती पहिली जाते! उरलं ते टाइप केलं. लिनेटने वाचलं. म्हणाली, "बाई, जरा जास्तच झालं का?" मी म्हटलं, "अगं, छोटं वाक्य खरं वाटतं." तिने सही केली.

एका प्रश्नाची अडचण होती, मी अख्खा विषय करून ठेवला. बातमीत असं झालं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचो, कोपऱ्यात. इथे कुठे छापू?

तिचा हस्तलिखित कागद दिवाळीत रद्दीत गेला.

आज पांढरी गाडी गेटशी थांबली आणि माझा खडू खाली पडला. कार्यवाह नव्हते. दूधवाला होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दशरथ सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "जुना नमुना काढा. एकोणीस झेरॉक्स, एकोणीस सह्या, विषय संपला. मला मे महिन्यात रिटायर व्हायचंय बाई, त्याच्या आधी नाही."

खोटं सांगणार नाही, मोह झाला. झेरॉक्सवाल्याकडे उभीपण राहिले. मग मनात आलं, नमुना परत आला की ही सगळी माणसं पुन्हा कधीच खरं लिहिणार नाहीत. रडू येणारी रडतच राहील. आणि नवे कागद लिनेटच्या सहीशिवाय होणार नाहीत, म्हणजे तिला सांगावं लागणारच. मी तिला सांगायलाच घाबरत होते. झेरॉक्स हे निमित्त.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सांगितलं. तिने कागद मागितला. दोनदा वाचला. लिनेट उत्तनच्या कोळीवाड्यातली, शाळेत आमच्यासारखं बोलते, चिडली की घरचं बाहेर येतं.

"मी असं न्हाय लिवलं, बाई."

"माहीत आहे."

"मी एक धडा बोलली. तुम्ही आख्खी भूमिती काढून घेतली माझ्याकडून. आणि मी खुळी, सही केली! तुमचं मराठी चांगलं म्हणून." मग शांतपणे, आणि ते जास्त वाईट — "घरी ममी हाय, भावाची बोट एक दिवस जाते, चार दिवस जेटीवर. हा कागद कोणाच्या हातात जाणार ते मला आज सांगताय?"

मी म्हटलं, दुरुस्त करते.

"नको. तुम्ही आता काय पण दुरुस्त करू नका."

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी निहारला फोन केला. खरं काय होतं ते लिहून द्यायचं तर त्याचं नाव येणार. अदलाबदल बाहेर पडली तर त्यालाही विचारतील. वय एकोणतीस, नोकरी कायम नाही. तो नको म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. खरं तर नको म्हणावं असंच वाटत होतं, म्हणजे मी सुटले असते.

"घाला ना बाई नाव. धडा घेतलाय, चोरी केलीय का?" मग हसून, "फक्त स्पेलिंग बरोबर घाला. मागच्या सर्क्युलरमध्ये मला नाहर केलंत."

मग बसले. लिनेटच्या कागदावरच्या वाक्याला हात न लावता खाली पुरवणी जोडली — वरील वाक्य शिक्षिकेचे नाही, माझे आहे. मूळ मजकूर आठवतो तो असा. सातही ओळी. शेपटीसकट.

मग लक्षात आलं, एकोणीस जणांचे आराखडे घेतले, माझा विसावा मी लिहिलाच नाही! मी गोळा करणारी ना. कोरा फॉर्म घेतला. मला न येणारी गोष्ट: 'दुसऱ्याचे वाक्य आहे तसे राहू देणे. मी शिक्षकांच्या लिहिण्यात कापाकापी केली, त्यातून एकीचे नुकसान होऊ शकते.' कोणाकडून शिकणार: लिनेट बाई. कधी: लगेच.

सही करताना हात थांबला. हा कागद कोणी मागितलेला नाही. ठेवला तर माझ्याच गळ्यात येईल, हे मला नीट कळतं. ठेवला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दिले. वीस.

कार्यवाहांनी लिनेटचा कागद तिथेच वाचला, मग पुरवणी, मग माझा. चष्मा काढला. "बाई, तुम्ही तर एकदम सच बोलनेवाल्या निघालात."

त्यांनी कागद एकावर एक ठेवले.

"ठीक आहे. कागद काय पण बोलेल. गुरुवारी ह्या मॅडम आठवीला तोच धडा घेतील, मी मागे बसेन. परवा सुट्टी आहे, तयारी होईल."

लिनेटला सांगायला गेले तर तिला आधीच कळलं होतं. वहीत त्रिकोण काढत होती. माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाली, "बुधवारी घरी या. मला एक विद्यार्थी पायजे. मठ्ठातला मठ्ठ."

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूंची रांग. लिनेटची आई सेलीनबाई म्हणाल्या, "हीच काय ती? माझ्या पोरीचं वाक्य कापणारी?" आणि पुढ्यात चहा आणि रवाळ केक ठेवला.

लिनेटने भाऊ कॉन्रॅडकडून तीन बांबू काढून घेतले. एक जमिनीवर आडवा. दुसरा त्याच्या टोकाशी तिरका धरला. हा कोन ठरला, हलवायचा नाही. तिसरा, थोडा आखूड, दुसऱ्याच्या वरच्या टोकाला दोरीने लोंबता बांधला. "सांगा, हा खाली कुठे टेकेल?"

मी दाखवलं. ती म्हणाली, "आणि?" तो झुलवला — आडव्या बांबूला तो दोन जागी टेकला! एक त्रिकोण बारका, एक मोठा. बाजू त्याच, कोन तोच, त्रिकोण दोन. म्हणून बाबाको नाही.

"हे पुस्तकात नाही," मी म्हटलं.

"निहार सरांनी कागदावर दाखवलेलं. मला कागदावर न्हाय समजत. रात-दिवस हे बांबू बघितलेत, कधी झुलवून नाय बघितला."

मग तिला चार वेळा तो धडा घ्यायला लावला, मी मठ्ठासारखे प्रश्न विचारले. तीनदा अडखळली. चौथ्यांदा दोरी सुटली आणि बांबू माझ्या पायावर! कॉन्रॅड ओरडला, "टीचर, आता तुमचा पायपण कापून छोटा करायचा काय?" सगळे हसले. लिनेटपण, पहिल्यांदाच.

परत येताना बसमध्ये पुन्हा भीती. चारपैकी तीनदा अडखळली होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आठवी ब. कार्यवाह शेवटच्या बाकावर, मी शेजारी.

पहिली दहा मिनिटं तिचा आवाज येईना. खडू दोनदा मोडला. बाकोबा झालं, कोबाको झालं. बांबू कोपऱ्यात उभे, तिकडे ती बघेचना. मला वाटलं, आता तास संपेल, ती बांबूंना हातच लावणार नाही. कार्यवाहांनी घड्याळ बघितलं. मी मनात म्हणत होते, अगं, बांबू घे! तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. तास तिचा होता.

मग अनुष्काने हात वर केला. दुसऱ्या रांगेतली, पुढेपुढे करणारी. "बाई, मग बाबाको का नाही?"

लिनेट पांढरी पडली.

"बरं विचारलंस," ती म्हणाली. "मला हे आठ वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं होतं. मला येत नव्हतं, म्हणून मी तिलाच खाली बसवलं. तू बसू नको. इकडे ये, हा बांबू धर."

दोरी सुटली नाही. बांबू दोन जागी टेकला. मुलं बाकांवर चढली. मागून एक जण ओरडला, "बाई, वास येतोय!" ती म्हणाली, "येणारच. बोंबलाने शिकवलंय मला."

कार्यवाहांनी डायरीत काहीतरी लिहिलं, खूप वेळ. मान तिरकी करूनही मला वाचता आलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

लिनेट राहिली. दशरथ सरांनी सव्वादहाला पत्र दाखवून पक्कं केलं. निहारला फक्त तोंडी समज.

कमी होणारं पद: पर्यवेक्षिका. म्हणजे मी. 'शिक्षकांच्या आराखड्यांत फेरफार केल्याचे आपण स्वतः लेखी मान्य केले आहे.' खाली पुरावा म्हणून माझंच वाक्य, एक शब्दही न कापता. सोमवारी अकरा वाजता लेखी खुलासा घेऊन हजर राहायचं.

लिनेट कोरा कागद घेऊन समोर बसलीय. "खुलासा मी लिहिणार, बाई. तुम्ही नुसतं बोला. पेन इकडे द्या."