राजधानीतली हजेरी

मंगळवार, १४ मार्च

दिवसभर घरीच. सकाळी पाणी आलं, भरून ठेवलं. दुधाची पिशवी फुटकी निघाली, बदलून आणली. दुपारी बेसिनच्या नळाला नवा वायसर बसवला, आता गळत नाही. कोणी आलं नाही. अजून उजेड आहे म्हणून लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप अक्का यांस,

साष्टांग नमस्कार घालायचा तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि माझा डावा गुडघा एकदा खाली गेला की वर येण्याची हमी देत नाही. तेव्हा खुर्चीत बसूनच, पण तितक्याच मनापासून, नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? पाठवलेलं मलम झोपताना लावा आणि लावल्यावर हात धुवा. (गेल्या खेपेला तोच हात तुम्ही डोळ्याला लावलात. त्यानंतर फोनवर मला जे बोललात ते मी विसरलो आहे.) नातवंडं अभ्यास करतात का? नसतील करत तर रागावू नका, त्यांच्या बापानेही केला नव्हता.

राजधानीची सहल कशी झाली असं तुम्ही विचारलं होतं आणि मी "बरी झाली" एवढंच म्हणालो होतो. चिरंजीव तेव्हा शेजारीच बसले होते, म्हणून. आता सविस्तर लिहितो.

तुमची धाकटी बहीण गेल्यापासून माझं काय झालं आहे ते आधी सांगायला हवं. आमच्या संसारात औषधांचं खातं माझ्याकडे आणि भीतीचं तिच्याकडे होतं. मी जन्मभर दुकानात औषधं विकली, पण खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद कधी मनावर घेतला नाही. तो ती वाचायची, आणि वाचून झाल्यावर माझ्या वाटचंही घाबरून घ्यायची. गॅस बंद केला का, जिन्यात दिवा आहे का, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हे सगळं तिचं. त्यामुळे मी धीराचा माणूस म्हणून मिरवत होतो. ती गेली, दागिने सुनेकडे गेले, कपडे वाटून झाले, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की भीती तेवढी वारसाहक्काने माझ्याकडे आली आहे. आता मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्याची वाटते, कुत्रा भुंकायचा थांबला की जास्त वाटते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण चिरंजीवांना वास लागला. तुम्हाला ठाऊकच आहे, तो विमा कंपनीत जोखीम मोजतो. कोणती इमारत जळेल, कोणता माणूस जिन्यावरून घसरेल, हे तो टेबलाशी बसून सांगतो. गेले काही महिने तो माझ्याकडे जुन्या इमारतीकडे बघावं तसा बघत होता. शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं, "बाबा, राजधानी बघायला चला आमच्याबरोबर. तिथे गर्दी आहे, जिने आहेत, भुयारं आहेत. तिथे नीट निभावलंत तर खुशाल एकटे राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे." त्यांच्याकडे माझ्यासाठी जी खोली ठरली आहे तिच्यात सध्या इस्त्रीचं टेबल आणि कुणी न चालवलेली व्यायामाची सायकल राहते. मी तिसरा. शिवाय या घराच्या दारांना तिने बसवून घेतलेल्या कड्या आहेत, प्रत्येक दाराला दोन. त्या सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेव्हा ठरवलं, काय वाटेल ते होवो, चार दिवस चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

निघताना त्याने मला एक डबी भेट दिली. गोळीची वेळ झाली की ती वाजायला लागते आणि गोळी घेईपर्यंत थांबत नाही. औषधवाल्याला गोळीची आठवण! माशाला पोहायला शिकवावं तसंच. पण परीक्षा तोंडावर होती, म्हणून आभार मानले आणि डबी खांद्याच्या पिशवीत टाकली.

राजधानीच्या स्टेशनात उतरलो आणि पहिला घोटाळा तिथेच झाला. आमच्या घरची हजेरी तुम्हाला आठवत असेल. गर्दीतून बाहेर पडलं की ती "हजेरी!" म्हणायची आणि आम्ही ओळीने आपापला आकडा म्हणायचो. मी एक, ती दोन, मुलगा तीन, सून आली ती चार झाली आणि नात, म्हणजे मुंगी, पाच. (तुम्ही एकदा आमच्याबरोबर प्रदर्शनाला आला होतात तेव्हा तिने तुम्हाला सहा दिला. "मी थोरली असून सहावी?" असं म्हणून तुम्ही तिथेच बसलात, म्हणून त्या दिवसापुरतं तुम्हाला शून्य केलं होतं.) तर स्टेशनाबाहेर मुंगीने सवयीने "हजेरी!" अशी आरोळी दिली. मी "एक" म्हणालो आणि मग जे काही झालं ते म्हणजे काहीच झालं नाही. शेवटी मुलाने घाईघाईने "तीन" म्हटलं. पुढच्या वेळेपासून माझ्या "एक"ला लागूनच तो "तीन" म्हणायला लागला, मध्ये श्वासही घेत नव्हता. यावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलायचं काम तीच करायची.

दुसऱ्या दिवशी विजयस्तंभ. बाहेरून फार देखणा आहे, बाहेरूनच बघावा. आत एक गोल जिना आहे, इतका अरुंद की चढणाऱ्याने आणि उतरणाऱ्याने एकमेकांची विचारपूस करावी. सून आणि मुंगी खालीच थांबल्या, मुलगा पुढे भराभर गेला आणि मी अर्ध्यावर अडकलो. पाय ना वर जाईना ना खाली. भिंतीला पाठ लावून मी उभा राहिलो, एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर, कारण आतलं यंत्र फार जोरात चाललं होतं. तेवढ्यात खालून एक कुटुंब आलं. त्यांच्या पुढच्या गृहस्थांनी मला तिकिटं दाखवली. मी बघितली आणि मान हलवली. त्यांच्या मागच्यांनीही दाखवली. मग रांगच लागली, अक्का. एका बाईंनी विचारलं, "लहान मुलाचं अर्धं चालतं ना?" मी म्हटलं, "चालतं." दुसरं काय सांगणार? बोलायला लागलो की जरा धीर यायचा, म्हणून पुढे पुढे मीच "तिकीट" असं म्हणायला लागलो. मुलगा वरून उतरताना दिसला तेव्हा त्याच्या पाठीला चिकटून खाली आलो. तो बायकोला म्हणाला, "बाबा एवढा वेळ जिन्यात निवांत उभे होते, लोकांशी गप्पा मारत." पहिला पेपर मी असा सोडवला.

त्याच संध्याकाळी सैनिकांच्या स्मारकावर एक पहारेकरी बघितला. तो हलत नाही, हीच त्याची नोकरी. पण त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. भोवळ येण्याआधी माणूस अगदी असाच दिसतो. मी साखळी ओलांडून जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "बाळ, सकाळपासून पाणी प्यायलास का?" त्याचा डोळा फिरला. फक्त एकच. मला वाटतं, त्याच्यावर रागावू शकेल असा कुणीतरी लांबून बघत होता, कारण लगेच शिट्टी वाजली आणि मला साखळीच्या बाहेर काढण्यात आलं. मुंगी म्हणाली, "आजोबा शूर आहेत, बंदुकीजवळ गेले." दुसरा पेपरही गेला चांगला.

तिसऱ्या दिवशी स्मृतिदालन. ते जमिनीखाली आहे. उतरतानाच माझ्या मनात आलं की तिने मला इथे पाय टाकू दिला नसता. आत मंद उजेड, भिंतींवर वरपासून खालपर्यंत गेलेल्या लोकांची नावं, आणि बोलायला बंदी. एवढी नावं आणि एवढी शांतता एकत्र कधी बघितली नव्हती. मी एका बाकावर बसलो, पिशवी बाकाखाली सरकवली आणि थोड्या वेळाने मंडळी पुढच्या दालनात निघाली तेव्हा दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांच्या मागे गेलो. दोन्ही हातांनी कठडा धरला की पिशवी कुठल्या हाताने धरणार, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

थोड्या वेळाने मागच्या दालनातून टिक टिक टिक असा आवाज यायला लागला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं, आणि दाढीवाल्या एका गृहस्थांकडे जरा जास्तच संशयाने बघितलं. मग भोंगा झाला, दिवे भगभगीत लागले, कुणीतरी ओरडलं, "बेवारस पिशवी! बाहेर चला, बाहेर!" आणि शेकडो माणसं एकाच जिन्याकडे सुटली. माझे पाय जमिनीला लागत होते की नाही, आठवत नाही. वर अंगणात आलो तेव्हा मुंगी सुनेच्या कडेवर होती आणि मुलाने माझी बाही घट्ट धरलेली होती. सून ओरडली, "हजेरी!"

मी म्हणालो, "एक." आणि थांबलो. थांबलो तो थांबलोच, कारण पुढचा आकडा येईना. मुलगा "तीन" म्हणेना. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं की तोही दोनचीच वाट बघतो आहे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग आम्ही दोघंही पळालो. माझा गुडघा पळाला, अक्का, खोटं सांगत नाही.

दाराशी एक मोठ्या मिशांचा रक्षक दोरी बांधत होता. मी म्हटलं, "आत आमचं माणूस राहिलंय."

"कोण?"

"माझी बायको."

"आई," मुलगा म्हणाला.

"दिसायला कशा आहेत?"

"ठेंगणी, चष्मा, करडा स्वेटर."

"तपकिरी," मुलगा म्हणाला.

"करडा! तपकिरी तुझ्या सासूला दिला तिने."

"बाबा, सकाळी तपकिरीच होता!"

"अहो, रंग राहू द्या. चालता येतं का त्यांना?"

मी म्हटलं, "येतं, पण भिंत धरून चालते. आणि घाबरट आहे हो फार. मोठ्याने हाक मारू नका, जवळ जाऊन सांगा."

रक्षकाने यंत्र तोंडाशी धरलं. "आत एक बाई आहेत. ठेंगण्या, चष्मा, स्वेटर करडा किंवा तपकिरी. घाबरल्या असतील, जवळ जाऊन सांगा." लगेच शिरस्त्राणं घातलेली दोन माणसं जिना उतरून आत गेली. अक्का, मला त्या क्षणी काय बरं वाटलं, ते तुम्हाला कसं सांगू? कुणीतरी तिला शोधायला निघालं होतं.

तेवढ्यात मागून सून आली. ती रक्षकाला हळूच म्हणाली, "साहेब, त्यांना परत बोलवा. आत आमचं कुणी नाही."

"अहो, हे दोघं सांगताहेत ना!"

"सासूबाई गेल्या वर्षी वारल्या."

कडेवरून मुंगीने समजावलं, "आजोबा, आता आपण एकनंतर तीन म्हणतो. विसरलात?"

रक्षकाने आम्हा बापलेकांकडे आळीपाळीने बघितलं. मग सुनेला विचारलं, "दोघंही?"

"दोघंही," सून म्हणाली.

त्याने यंत्रात सांगितलं, "बाई बाहेर आहेत, परत या," आणि आम्हाला दोरीमागे उभं केलं. मुलाने माझी बाही सोडली नव्हती. मीही सोडवून घेतली नाही.

यानंतर एका लांब काठीच्या टोकाला अडकवून माझी पिशवी बाहेर आली. आत थर्मास, गुडघ्याचा पट्टा, मुंगीची अर्धी खाल्लेली बिस्किटं आणि टिकटिकणारी डबी. "कुणाचं आहे हे?" शिरस्त्राणवाल्यांच्या साहेबांनी विचारलं. मी हात वर केला. मुलानेही केला आणि म्हणाला, "डबी मी दिली होती." साहेबांनी ती बंद करायचा बराच प्रयत्न केला, पण गोळी घेतल्याशिवाय ती थांबत नाही, हीच तर तिची खुबी. शेवटी त्या सगळ्या शिरस्त्राणांच्या समोर मी थर्मासातल्या पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी गिळली. डबी थांबली. एकाने टाळी वाजवली, पण त्याला गप्प करण्यात आलं.

हॉटेलवर परतल्यावर मुलगा माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला. म्हणाला, "बाबा, परीक्षा घेणाराच नापास झाला तर काय करतात?" मी म्हटलं, "परीक्षेला बसलेल्याला पास करून टाकतात, बोभाटा नको म्हणून." तो हसला आणि मग हसायचा थांबल्यावर तोंड फिरवून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने मला घरी आणून सोडलं, सगळ्या कड्या एकेकदा लावून बघितल्या आणि "राहा तुम्ही" एवढंच म्हणून गेला. विषय मिटला. म्हणजे मी जिंकलो. इथे मजेत आहे, काळजी नसावी. लोभ आहेच, तो वाढवा असं तुम्हाला काय सांगायचं!

तुमचा,
एक नंबर

ता. क. – मजेत आहे असं वर लिहिलं ते पुन्हा वाचलं. तसं काही नाही. फ्रिज सुरू झाला की मी दचकतो आणि बंद झाला की कान देऊन बसतो. कड्या लावतो, आणि लावल्या का ते बघायला पुन्हा उठतो. जिंकलो खरा, पण आता हरायचं कसं ते कळत नाही. पोरगा शब्दाचा पक्का, विषय काढणार नाही म्हणाला तर मरेपर्यंत काढायचा नाही. तो या जगात फक्त तुम्हाला घाबरतो. तेव्हा त्याला फोन करून चांगला झापा, बापाला असं एकटं टाकतात का म्हणून. मी सांगितलं, हे मात्र कळू देऊ नका. सायकलीशी मी जमवून घेईन.

पुन्हा ता. क. – वरचं काही करू नका. मध्येच त्याचा फोन आला. रोज याच वेळेला येतो. मला वाटायचं, हा माझ्यावर नजर ठेवतो. आज नीट ऐकलं, तर तो विचारत काहीच नाही. "बाबा?" म्हणतो, मी "हं" म्हणतो, मग पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो आणि थोड्या वेळाने "बरं, ठेवतो." त्याला झापू नका, अक्का. तिच्या भीतीतली थोडी वाटणी त्याच्याकडेही आलेली दिसते. त्यापेक्षा तुम्हीच या. तुम्ही इथे आहात म्हटल्यावर तो मुंगीला घेऊन रविवारचा येईल, आणि कुणी कुणासाठी आलं ते कुणाला सांगावं लागणार नाही. बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर तुमच्या कंबरेसाठी गादीखाली फळी घालून ठेवली आहे. तुमच्या सूनबाईंनी विचारलं तर माझी तब्येत बरी नाही असं सांगा, ते फारसं खोटं होणार नाही.

वारा सुटला आहे आणि कपडे गच्चीवर आहेत. ते घेऊन येतो. एकट्याचेच आहेत, एका खेपेत होतील.