बाराजणी आणि सकाळी सहाची गाडी

वारजे, पुणे
५ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मी आयुष्यात शेवटचं पत्र दहावीच्या मराठीच्या पेपरात लिहिलं होतं. शाळेसाठी क्रिकेटचं साहित्य मागवलं होतं आणि पाचपैकी दोन मार्क पडले होते. ते लक्षात ठेवून पुढचं वाच.

नेपाळ सरकारने कालपासून व्हॉट्सअॅप, फेसबुक सगळं बंद केलं, ही बातमी तू फोनवर इतक्या आनंदात दिलीस की शर्मिलाला वाटलं तुझ्या पेन्शनीत वाढ झाली. आता ईमेलवर नीट मायन्यासकट पत्र लिही, नुसता अंगठा दाखवलेला चालणार नाही, असा तुझा हुकूम. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून हुकूम सोडलेस, आता घरात आम्ही दोघंच उरलोय.

मुद्द्याचं बोलतो. बंदीमुळे तिकडची तरुण मुलं चिडली आहेत असं वाचलं. तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेव. दूतावासाचा नंबर फोनमध्येही ठेव आणि कागदावरही. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या जवळ असू देत. गर्दी दिसली की उलट्या बाजूला चालायचं, 'काय झालं' म्हणून बघायला पुढे जायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

उद्या विसर्जन. ढोलांनी आमच्या खिडक्या थरथरताहेत. दहा तारखेला तुला घ्यायला विमानतळावर येतोच.

लोभ आहेच, तो प्रवासात हरवू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध


बौद्धनाथ, काठमांडू
७ सप्टेंबर २०२५

चि. अनिरुद्ध यास,
अनेक आशीर्वाद आणि मंगलकामना. वि. वि.

वहीत लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे, तो मजकुराचा भाग समजू नये.

लुंबिनी छान झाली. आपल्या विहारातल्या आम्ही बाराजणी, त्यात भांडण फक्त दोनदा, म्हणजे सहल यशस्वी म्हणायची. लोणी काळभोरच्या इंदुबाईंना इथला चहा पटत नाही. त्या रोज मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिरून आलं किती घालायचं ते शिकवतात. लामाताई म्हणजे गेस्ट हाउसच्या मालकीण, फार सोशिक बाई.

तुझी यादी मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. खूप हसल्या. मग एकेक जण गुपचूप उठून पासपोर्ट बघून आली. जयाचा सापडेना. ती रडायच्या बेताला आली तेव्हा तो तिच्याच उशीच्या अभ्र्यात निघाला, चोर येतील म्हणून तिनेच ठेवला होता. तेव्हा तुझ्या यादीला पाचपैकी चार मार्क. एक कापला, कारण माझ्या गोळ्या मी तुला विचारून घेत नाही.

उद्या सोमवारी इथली मुलं मोर्चा काढणार आहेत. कॉलेजची, काही तर शाळेची. लामाताईंची भाचीही जाणार म्हणते. आम्ही उद्या बाहेर पडणार नाही. बघ, कशी शहाणी आहे तुझी आई.

शर्मिलाला सांग, कुंडीतल्या मिरचीला पाणी घाल. आशीर्वाद.

तुझी आई


वारजे, पुणे
९ सप्टेंबर, सकाळ

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल गोळीबार झाला, तरुण मुलं गेली, हे ऐकल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. तू फोन केलास, आवाज ऐकला, बरं वाटलं. पण फोन दीड मिनिटात तुटला आणि त्यातलं एक मिनिट तू मिरचीची चौकशी करण्यात घालवलंस.

टीव्हीवर एकच जळता टायर पाच चॅनेलवर पाच शहरांच्या नावाने दाखवला. शेवटी शर्मिलाने रिमोट कणकेच्या डब्यात टाकला. व्हॉट्सअॅप परत सुरू झालंय म्हणतात. तरी तू पत्रच लिही. तुझं अक्षर दिसलं की मी शांत होतो, हे कुणाला सांगू नकोस.

खिडकीजवळ बसू नका. उत्तर लगेच दे.

तुझा,
अनिरुद्ध


बौद्धनाथ, काठमांडू
९ सप्टेंबर, सायंकाळी ५

चि. अनिरुद्ध यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बाराजणी सुखरूप आहोत. हे पहिलं वाक्य तू दोनदा वाच, मग पुढे जा.

शहरात आगी लागल्या आहेत. गच्चीवरून धुराचे खांब दिसतात, आम्ही चार मोजले. विमानतळ बंद झाला, म्हणजे उद्याचं विमान गेलं. संचारबंदी आहे. दुपारी खालच्या गल्लीतून एक बाई मुलीचं नाव घेत धावत गेली, हातात एकच चप्पल. मी पायऱ्या उतरून गेलेच होते, पण लामाताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची भाची तोवर घरी आलेली नव्हती. नंतर आली. मला फार वाईट वाटलं रे. इतकी वर्षं जखमा बांधल्या आणि आज दाराच्या आत बसून राहिले.

व्हॉट्सअॅप सुरू झालं आणि आमच्या वॉर्डाची शांतता गेली. सकाळपासून प्रत्येकीच्या फोनवर वेगळं युद्ध. एकीच्या जावयाचं म्हणणं सरकार पडलं, दुसरीच्या भावाचं म्हणणं पाणी बंद करणार. म्हणून मी दोन नियम केले. सगळे फोन माझ्या पिशवीत, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला अर्धा तास मिळतील. आणि कुणालाही बातमी सांगायची असेल तर आधी वहीत लिहायची. ड्युटी बदलताना आम्ही लिहायचो तशी: काय, किती वाजता, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं. ऐकलं असेल तर कुणाकडून, आणि त्याने तरी पाहिलं का. दुपारपर्यंत एकवीस बातम्या आल्या, वहीत चढल्या तीन. त्यातली एक, नळाला पाणी आहे.

इंदुबाई मला हेडमास्तरीण म्हणाल्या. मी म्हटलं बढती झाली.

घाबरू नकोस. जेव.

तुझी आई


वारजे, पुणे
१० सप्टेंबर, सकाळी ७

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आज थट्टा नाही. इकडे तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की बौद्धनाथजवळ पुण्याच्या बायका उतरलेल्या हॉटेलला आग लागली आणि त्या गच्चीवर अडकल्या आहेत. तुझा फोन बंद. पिशवीत असणार हे कळतं, पण कळून उपयोग होत नाही. मी आणि शर्मिला रात्रभर बसून होतो.

तुम्ही तिथून निघा. मी गाडीची व्यवस्था केली आहे. बारा सीटांची गाडी उद्या गुरुवारी सकाळी सहाला गेस्ट हाउसच्या दाराशी येईल आणि भारताच्या हद्दीपर्यंत आणून सोडेल. मी दूतावासाशी बोललो आहे. याच गाडीने निघा असं त्यांनी सांगितलं. तेव्हा शंका काढत बसू नकोस, बॅगा भरा.

घरी ये, आई.

अनिरुद्ध


बौद्धनाथ, काठमांडू
१० सप्टेंबर, सकाळी १०

चि. अनिरुद्ध यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमचं हॉटेल जळालेलं नाही. मी त्याच्याच जेवणघरात बसून बटाट्याची भाजी खात तुला लिहिते आहे.

तुझा मेसेज वाचून जया जोरात रडली, मग मी चौकशी बसवली. काल संध्याकाळी पाचला इंदुबाईंनी सुनेला सांगितलं की आम्ही गच्चीवरून धूर बघितला. इतकंच. सुनेने लोणीच्या ग्रुपवर टाकलं, धुराच्या वेढ्यात सासूबाई गच्चीवर. तिथून ते वारज्याला पोचेपर्यंत गच्चीला आग लागली, आणि आज सकाळी तू ती आग आम्हालाच परत पाठवलीस. इंदुबाई आपल्याच धुराला घाबरून पासपोर्ट छातीशी धरून बसल्या होत्या. खरं कळल्यावर त्यांनी जीभ चावली आणि नंतर बराच वेळ हसल्या.

गाडीचं मात्र बरं केलंस. मी वहीत लिहिलं, 'दूतावासाने सांगितले, अनिरुद्ध स्वतः बोलला, खात्रीचे.' सगळ्यांना वाचून दाखवलं. दोघीतिघी कुरकुरल्या, रस्त्यावर कसं व्हायचं म्हणून. मी त्यांना सांगितलं, माझा मुलगा बोललाय, आता प्रश्न नाही. बॅगा भरून जिन्याजवळ रांगेत लावल्या आहेत.

वीज येते-जाते आहे, म्हणून आज पाचला फोन काढणार नाही, चार्जिंग प्रवासाला राखून ठेवते. आता थेट हद्दीवर पोचल्यावर फोन करीन.

शर्मिलाला म्हणावं, माझ्यासाठी साधा वरण-भात टाक. आशीर्वाद.

तुझी आई


वारजे, पुणे
१० सप्टेंबर, सायंकाळी ७

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

लामाताईंच्या लँडलाइनवर मी दुपारी चारपासून साडेसहापर्यंत सत्तेचाळीस वेळा फोन लावला. लागला तेव्हा त्यांना माझ्या तुटक्या हिंदीत काय काय सांगितलं ते मला आता आठवत नाही. त्यांनी तुम्हाला निरोप दिला, तुम्ही निघणार नाही असं कळवलं, आणि मी गॅलरीत जाऊन रडलो. पण निरोप दुसऱ्याच्या तोंडून गेला, म्हणून हे माझ्या हाताने लिहितो.

मी दूतावासाशी बोललो नव्हतो. सकाळपर्यंत लाइन लागलीच नव्हती. बुधवार पेठेत आपण इन्व्हर्टर घेतला त्या पोपटरावांचा साडू काठमांडूत ट्रॅव्हलच्या धंद्यात आहे. त्याच्या ओळखीचा कुणी ड्रायव्हर. दूतावासाला सगळं माहीत आहे असं पोपटराव म्हणाले, पोपटरावांना साडू म्हणाला, साडूला कोण म्हणालं ते मी विचारलं नाही. पण असं लिहिलं असतं तर तू त्या गाडीत चप्पलसुद्धा ठेवली नसतीस. म्हणून मी खोटं लिहिलं.

चार वाजता दूतावासाचा फोन लागला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आहात तिथेच थांबा, संचारबंदीत रस्त्याने कुठेही जाऊ नका, अशी कुठलीही गाडी आम्ही सांगितलेली नाही. तुम्हा बाराजणींची नावं त्यांनी लिहून घेतली. विमानतळ सुरू होतोय, तिकिटं तेरा तारखेची बदलून घेतली आहेत. हे मी स्वतः केलं आहे, कागद जोडला आहे.

तुझं 'माझा मुलगा बोललाय, आता प्रश्न नाही' हे वाक्य मी वाचलं तेव्हा घड्याळात साडेदहा झाले होते. चार वाजेपर्यंत मी ते कितीदा वाचलं असेन. तुझ्यावर भरवसा ठेवून अकराजणी निघाल्या असत्या आणि तू माझ्यावर. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते.

तुझा,
अनिरुद्ध


बौद्धनाथ, काठमांडू
१२ सप्टेंबर २०२५

चि. अनिरुद्ध यास,
अनेक आशीर्वाद आणि मंगलकामना. वि. वि.

आधी तुझ्या हिंदीबद्दल. लामाताई संध्याकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी जेवणघरात आल्या आणि बाराजणींच्या देखत त्यांनी मोठ्याने जाहीर केलं, की पुण्याहून सिस्टरच्या मुलाचा फोन आहे, तो म्हणतो मी खोटा आहे, गाडी खोटी आहे, माँ को मत भेजो. इंदुबाई म्हणाल्या, चला, धूर फक्त माझाच नव्हता. एवढ्या हसल्या सगळ्या की जयाच्या नाकात चहा गेला. तुझं नाव आता विहारात कायमचं झालं आहे, दर रविवारी ऐकायची तयारी ठेव.

गाडी खरंच आली, काल सहाला. मी गच्चीवरून पाहिली. दोनदा हॉर्न वाजवून गेली. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. आज थोडा वेळ संचारबंदी उठली, लामाताई भाजी घेऊन आल्या. उद्या आम्ही विमानाने निघतो, हे मी एअरलाइनच्या माणसाशी बोलून लिहिते आहे.

आता तुझ्या माफीचं. तुला ओरडायचं म्हणून काल वही घेऊन बसले होते. पानभर लिहिलं आणि फाडलं. नव्या पोरींना मी चौतीस वर्षं एकच शिकवलं, पेशंटच्या घरचे कितीही गळ घालोत, स्वतः तपासल्याशिवाय औषध द्यायचं नाही. इथे अकराजणींना तेच सांगत होते, एकेकीची उलटतपासणी घेऊन रडवत होते. आणि तुझं पत्र आलं तेव्हा तुला एक साधा प्रश्न विचारला नाही, की बाळा, कुणाशी बोललास, नाव काय त्यांचं. मी विचारण्याआधीच तू सांगून मोकळा झालास, तेही परक्या बाईच्या फोनवर, स्वतःची अब्रू घालवून. ते फार कमी जणांना जमतं. मला तुझा अभिमान वाटतो, पण हे एकदाच लिहिणार आहे.

विचारलं का नाही, ते आता मला कळलं आहे. लोकांना वाटतं सिस्टर घाबरत नाही. त्या चप्पलवाल्या बाईनंतर मी इतकी घाबरले होते की त्या रात्री चारदा उठून दाराची कडी बघून आले. सगळ्यांना धीर देऊन झाला की मला धीर द्यायला इथे कुणी नव्हतं. तेवढ्यात तू लिहिलंस, घरी ये, आई. मग गाडी कुणाची, रस्ता कुठला, माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. मला घरी यायचं होतं रे.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. असाच जीव लावत जा.

तुझी आई