म्हसोबा नाही म्हणतो

रविवार, ७ जानेवारी २००१. सकाळी ६.१०
आजपासून एकवीस दिवस मौन. मुक्काम मळ्यातली मोटरची खोली. सामान: खाट एक, घोंगड्या दोन, पाटी-पेन्सिल, स्पिरिट लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची काचनळी), ही डायरी (खताच्या दुकानाची, फुकट). आल्याबरोबर खाट लेव्हलमध्ये घेतली. उशाकडच्या पायाखाली पुठ्ठा द्यावा लागला. माणूस आडवा असला तरी सरळ असावा.

कारण: धाकटा भाऊ मोतीराम दवाखान्यात आहे. लिव्हर. निरोप आला, दादानं एकदा यावं. नऊ वर्षं बोलणं नाही. जावं की नाही हे मी ठरवणं बरोबर नाही, मध्ये अहंकार येतो. (त्याचा.) तेव्हा निर्णय देवावर.

पद्धत: रोज सात वाजता बांधावरच्या म्हसोबाच्या डोक्यावर ओल्या शेवंतीचं फूल ठेवायचं. देवाच्या उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. एकवीसपैकी अकरा 'हो' आले की जायचं. सौ. कुसाबाई म्हणाली, अहो, तवर भाऊजी राहतील का? मौन सुरू झालेलं असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

७.००: कौल डावा.

सोमवार, ८ जानेवारी
डावा. फूल पडायला ४ मिनिटं १० सेकंद.
मौन उत्तम. चोवीस तासांत शून्य शब्द. स्टार्टरचा शॉक बसला तेव्हा जे बोललो ते धरत नाही, ते विजेला उद्देशून होतं.
शांततेत बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. मी सातवी पास. वायरिंग, गुलाबाची कलमं, गवंडीकाम, पंचांग सगळं आपलं आपण शिकलो. एवढं शिकवलं म्हणजे देवाला माझ्याकडून काही मोठं काम करून घ्यायचं असणार. वय त्रेपन्न. आता त्याने सांगावं.

बुधवार, १० जानेवारी
डावा. आमचा म्हसोबा कडक. कट्टा मी १९९२ साली स्वतः बांधला, तेव्हापासून एकदाही 'हो' म्हणालेला नाही. मुलीच्या, हर्षालीच्या, डी.एड.ला नाही. तिला आलेल्या ओझरच्या स्थळाला नाही. नवीन बोअरला नाही. गावातले लोक आधी कौल लावायला यायचे, आता गोदावरीपलीकडच्या देवीला जातात. तिथे 'हो' मिळतं म्हणे. ज्याला गोड बोलणारा देव पाहिजे त्याने जावं.

शुक्रवार, १२ जानेवारी
डावा. डबा घेऊन हर्षाली आली. काकाला बघून आली होती. म्हणाली, पप्पा, काका पिवळाजर्द पडलाय, दार वाजलं की मान वळवतो. पाटीवर लिहिलं: 'कोण कोण आलं होतं?' ती म्हणाली, सगळे. मग डबा न धुताच गेली. हल्लीच्या मुलींना शिस्त नाही.
दवाखाना इथून ७.४ किलोमीटर. गंगापूर रोडने स्कूटरवर १९ मिनिटं. नुसतं नोंदवून ठेवतो.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत
डावा. कुसाबाईने तिळगूळ आणला आणि गोड बोला म्हणाली. वर, नाहीतर तुम्ही काय बोलणार म्हणा. हसली. एकटीच.
स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणायला पाटीवर लिहून दिलं. प्लगही साफ केला. तयारी असलेली बरी, आदेश कधीही येऊ शकतो.

मंगळवार, १६ जानेवारी
भांडणाची हकिगत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.
जुना कट्टा खचला होता. गवंड्याला न बोलावता नवा मी बांधला. लेव्हल रविवार कारंजाच्या बाजारातून नवी आणलेली. पूजेला दीडशे माणूस. आरती संपली आणि मोतीराम सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, काम झ्याक झालं, पण देव डावीकडं कललाय बघ, सूतभर. लोक हसले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो माणूस दोरी लावल्याशिवाय वाफाही सरळ काढू शकत नव्हता. मी प्रसादाचं ताट खाली ठेवलं आणि निघून आलो. त्यानंतर वाटणी, मध्ये तारेचं कुंपण, वगैरे.
हे सगळं वाचून कोणीही निःपक्षपाती माणूस काय ते समजेल.
कौल डावा.

बुधवार, १७ जानेवारी
डावा. अकरा दिवसांत अकरा 'नाही'. नियमाप्रमाणे निकाल लागला. पण विचार केल्यावर वाटलं, बहुमत हा प्रकार निवडणुकीचा, देवाचा नव्हे. उद्यापासून नवीन नियम: उरलेल्या दिवसांत एक जरी 'हो' आला तरी जायचं.

शनिवार, २० जानेवारी
डावा. आज फूल ठेवताना हात किंचित उजवीकडे गेला. थंडीने बोटं बधिर होती. फूल क्षणभर उजवीकडे झुकलं, मग सावकाश डावीकडे घरंगळलं. देवाला फसवता येत नाही. मी फसवत नव्हतो.

सोमवार, २२ जानेवारी
डावा. कुसाबाई डबा ठेवून उभीच राहिली. म्हणाली, लय दिवस बोलायचं होतं. एकदा ती तुमची काचेची नळी देवाच्या कट्ट्यावर ठेवून बघा ना. खाटेला लावता, माठाला लावता, माझ्या चुलीलाबी लावली होती. पाटीवर लिहिलं: 'देवाची परीक्षा घेणं पाप आहे.' ती म्हणाली, देवाची नाय म्हणत मी.
उद्धटपणा वाढला आहे. मौनात माणसाला सगळं ऐकून घ्यावं लागतं, हा त्यातला दोष.

बुधवार, २४ जानेवारी
डावा. मोतीरामची बायको मैना कुंपणापर्यंत आली होती, आत आली नाही. तिथूनच ओरडली, दादा, ते विचारतात तुम्ही निघाले का. मी पाटी वर केली: 'आदेश नाही.' लांब असल्यामुळे तिला वाचता आलं नसावं. तिने मान हलवली आणि गेली. अक्षर मोठं काढायला हवं होतं.
पांढरा शर्ट इस्त्री करून मागवला. पाव डझन संत्रीही. लिव्हरला संत्रं चालतं का, विचारायचं राहिलं.

शुक्रवार, २६ जानेवारी. प्रजासत्ताक दिन
सविस्तर नोंद आवश्यक.
७.००: फूल ठेवलं. पडलं नाही. दव जास्त होतं.
८.००: पडलं नाही. समोर बसून राहिलो.
८.४७: जमीन सरकल्यासारखी झाली. माठ वाजला, कावळे उडाले. फूल पडलं. उजवीकडे!
८.५१: शर्ट घातला. संत्री पिशवीत भरली. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू. दोन वेळा मोठ्याने 'हो' म्हणालो, म्हणजे मौन मोडलं, हरकत नाही.
८.५५: फाटकाशी कुसाबाई पळत आली. अहो, भूकंप झाला! शेजारी गुजरातेतनं फोन आला, तिकडं लय मोठा. आपली भांडी पडली फळीवरची.
स्कूटर बंद केली. भूकंपाने पाडलेलं फूल देवाने पाडलं असं धरता येत नाही. शिवाय वेळ सातची ठरलेली. कौल रद्द. पाटीवर तसं लिहून दाखवलं.
कुसाबाईने ते वाचलं. म्हणाली, मग भूकंप कोणी केला?
लिहिलं: 'भूगर्भाने.'
तिने पिशवीतली संत्री काढून घेतली आणि रिक्षाने एकटी दवाखान्यात गेली. शर्टाची घडी करून ठेवली. उद्या वेळेत फूल ठेवणार, दव आधी पुसून घेणार.

शनिवार, २७ जानेवारी
कुसाबाई डबा न घेता आली. मोतीराम पहाटे ४.२० ला गेला.
वेळ तिने सांगितली नाही. मी विचारली. तोंडाने.
आज फूल ठेवलं नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी. दहावा
रामकुंडावर सगळे जमले. पिंड ठेवला तेव्हा लोक माझ्याकडे बघायला लागले. गेलेल्याचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि काय राहिलं होतं ते सगळ्यांना माहीत. मी तयारीने गेलो होतो. पुढे होऊन काय बोलायचं ते पाठ केलं होतं, चार वाक्यं.
कावळा ९.५२ ला शिवला. पिंड ठेवून एक मिनिटही झालं नव्हतं.
वाक्यं तशीच राहिली.
परत निघताना मैना पायऱ्यांवर थांबली. म्हणाली, दादा, वाईट वाटून घेऊ नका. शेवटी शेवटी ते हसायचे. म्हणायचे, सूतभर तर कलला होता देव, मी चारचौघांत बोलायला नको होतं. दादानं केवढ्या हौसेनं बांधला होता. मनात काही ठेवलं नाही त्यांनी.
मी म्हणालो, बरं.

संध्याकाळी ५.४०
बांधावर गेलो. लेव्हल नेली. कट्टा ओल्या फडक्याने पुसून घेतला, मग ठेवली. बुडबुडा उजवीकडच्या रेघेच्या बाहेर गेला, म्हणजे डावी बाजू खाली.
परवाच्या भूकंपाने सरकला असणार.
खाली वाकून बघितलं. सिमेंटला कुठे तडा नाही. सांधे १९९२ चेच. डावीकडच्या फरशीवर नऊ वर्षांच्या फुलांचा एक काळपट डाग आहे. उजवीकडची फरशी कोरी.
लेव्हल जुनी झाली असेल म्हणून फिरवून उलटी ठेवली. बुडबुडा पुन्हा उजवीकडेच. खाली काड्यापेटीचे पुठ्ठे सारून मोजलं. तीनदा मोजलं.
दोन सूत.
मोतीराम एक म्हणाला होता. कमी सांगितलं त्यानं.