कासव, एक नग

३ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
मुख्य भांडारपालांची जागा रिकामी झाली. प्राचार्यबाईंनी बोलावून सांगितले की २८ तारखेला कॉलेजच्या सगळ्या सामानाची प्रत्यक्ष मोजणी आहे. ती जो नीट पार पाडेल त्याचा विचार होईल. म्हणजे माझा. भांडारात आम्ही दोघेच. मी, सतरा वर्षांचा अनुभव. आणि झटपटबाई, अडीच वर्षांचा. आलेले पत्र त्या आल्याच दिवशी वाचतात. अशाने कामाला खोली येत नाही.
संकल्प: उद्यापासून साडेसहाला उठणे. एकही नग नजरेतून सुटू न देणे. रोज रोजनिशी लिहिणे.

४ फेब्रुवारी
आठला उठलो. थंडी फार आहे. संकल्पात थंडीचा विचार केलेला नव्हता.

६ फेब्रुवारी, दुपारी
प्राणिशास्त्राचे भांडार तपासले. तळमजला, हवा बर्फासारखी. प्राणिशास्त्राचे सर तीन महिन्यांच्या रजेवर, त्यामुळे निवांत काम झाले. पेंढा भरलेले घुबड, बरणीतले मासे, सांगाडा (एक बरगडी कमी, ती तारेने बांधलेली). सगळे जुळले. शेवटी एक लाकडी पेटी. आत गवत, गवतात कासव. नोंदवहीत फक्त 'कासव, एक नग'. पुढे 'स्थिती' हा रकाना कोरा! इतकी वर्षे कुणाला दिसले नाही. मला दिसले.
पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर भयंकर. आवक क्रमांक २१२ देऊन फाइलला लावली. सवडीने वाचू.
शिपाईमामांना विचारले, हे कासव इथे कधीपासून आहे? म्हणाले, साहेब, मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे. मामा विचारले तेवढेच सांगतात. जुनी माणसे अशीच असावीत.

७ फेब्रुवारी
प्रश्न गंभीर आहे. कासव जिवंत असेल तर ते भांडाराचे नाही, विभागाचे. जिवंत नसेल तर वस्तू. वस्तू असेल तर पाठीवर क्रमांक रंगवला पाहिजे, आणि मोडकी असेल तर ३ मार्चला भंगारवाला येतोय त्याच्या यादीत गेली पाहिजे.
झटपटबाई म्हणाल्या, सर, प्राणिशास्त्राच्या सरांना एक फोन करून विचारू का? मी त्यांना समजावले की भांडारपालाने डोळ्यांनी बघायचे असते, फोनने नाही. त्या आपल्या कामाला लागल्या. पटले असावे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुलगी सहावीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सजीवांची लक्षणे' असा धडाच निघाला. आठ लक्षणे. पेशी, वाढ, हालचाल, श्वसन, अन्न, उत्सर्जन, चेतना, प्रजनन. नंतर मुलीने दाखवले की पान उलटल्यावर नववे आहे, ठरावीक आयुर्मान. सोपे आहे. रोज एक-दोन लक्षणे घेतली तर आठवड्यात निकाल.
मुलगी म्हणाली, बाबा, पण एखादा झोपलेला असेल तर? मी म्हटले, असले फाटे फोडतेस म्हणून मार्क जातात. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली की रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही यातली दोनच दाखवता. दुर्लक्ष केले.

१० फेब्रुवारी
हालचाल. पेटीत कासवाभोवती खडूने रेघ मारली. अकरा ते साडेबारा समोर बसून निरीक्षण. मध्ये डोळे मिटले असण्याची शक्यता आहे. उघडले तेव्हा कासव रेघेच्या आत. माझे पेन मात्र हलले होते. झटपटबाईंनी नेले होते.
निष्कर्ष: हालचाल नाही.

११ फेब्रुवारी
श्वसन. नाकाशी आरसा धरायचा होता, पण नाक आत आहे. कवचाच्या तोंडाशी धरला. आरशावर वाफ आली! दहा मिनिटे उलटसुलट विचार केला. वाफ माझीच होती. मी फार वाकलो होतो.

१२ फेब्रुवारी
अन्नग्रहण. पेटीत दोन बिस्किटे ठेवून वर गेलो. तीनला आलो तर बिस्किटे गायब. सगळा अहवाल उलटा फिरणार म्हणून शिपाईमामांना बोलावले. मामा म्हणाले, बिस्किटे होय? मीच खाल्ली की. मला वाटलं, तुम्ही विसरलात.
अन्नग्रहण नाही. त्यामुळे उत्सर्जनाचा प्रश्नच मिटला. दोन लक्षणे एका दिवसात.

१३ फेब्रुवारी
वाढ. भौतिकशास्त्रातून कालच मोजपट्टी आणली होती. काल २१.६ सेंटिमीटर, आज २१.४. म्हणजे कमी होतंय. पुस्तकात कमी होण्याबद्दल काहीच लिहिलेले नाही. पाठ्यपुस्तके फार घाईत लिहितात.

१४ फेब्रुवारी
चेतना. टाळी वाजवली. किल्ल्या वाजवल्या. मुख्य भांडारपालाची कर्तव्ये मोठ्याने वाचून दाखवली, बावीस कलमे. काहीही प्रतिसाद नाही. खरे तर आमच्या कर्मचारी सभेतही एवढाच असतो, पण तिथे चहा आला की निदान माना वळतात.
पेशी: सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली सरांकडे. नाहीत असे धरले.
प्रजनन: शक्यता नाही. एकंदर ठेवणीवरून नर, तोही अविवाहित.
आयुर्मान: संपलेले.

१५ फेब्रुवारी
अहवाल पूर्ण. चार पाने. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो, कारण चांगला जमलाय: 'सबब सदर कासव ही वस्तू आहे. मान व डोके आढळले नाही, बहुधा पूर्वीच्या हाताळणीत गहाळ. चारही पाय आखडलेले. दुरुस्तीयोग्य नाही. मोडीत काढावे.'
झटपटबाईंनी पुन्हा फोनचे काढले. काही माणसांना दुसऱ्याला विचारल्याशिवाय घासच गिळवत नाही.

१८ फेब्रुवारी
कवचावर पांढऱ्या ऑइलपेंटने ४७/१ रंगवले. आकडे सुरेख आले. सात जरा मोठा झाला, पण त्यामुळे लांबून दिसतो.

२० फेब्रुवारी
रंग वाळेना. तळमजल्याला दमट थंडी. पेटी वर आणून माझ्या टेबलाखाली, हीटरशेजारी ठेवली. भांडारपालाला डोके लागते ते हे.
घरी सहज बोललो की जागा जवळपास ठरल्यात जमा आहे. बायकोने तिच्या बहिणीला सांगितले. बहिणीचा फोन, अभिनंदन. तिचा हिरमोड करणे बरे दिसले नसते. थँक्यू म्हणालो.

२१ फेब्रुवारी
हीटर दोनवरून तीनवर.

२४ फेब्रुवारी, सकाळी ११.१५
रंग वाळला. मान सापडली.

त्याच दिवशी, ११.४०
शांतपणे लिहितो. पेटीत वाकून रंगावर बोट लावून बघत होतो. कवचातून मान बाहेर आली, माझ्याकडे बघितले, डोळे मिचकावले, आत गेली. मी पाणी प्यालो.
विचार केला. उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात हे सर्वमान्य आहे. रेल्वेचे रूळसुद्धा लांबतात. अहवाल बदलण्याचे कारण नाही.

२५ फेब्रुवारी
पेटी रिकामी. ४७/१ जागेवर नाही! सरळसरळ चोरी. मोजणीला तीन दिवस राहिलेत आणि नेमका हाच नग. यात कुणाचा हात आहे ते मी लिहिणार नाही, पण भांडारात आम्ही दोघेच आहोत.
शिपाईमामांना खडसावून विचारले, कासव कुणी नेले? म्हणाले, कुणीच नाही नेलं, साहेब. मी म्हटले, मग काय चालत गेले? मामा म्हणाले, हो.
झटपटबाईंनी फाइल उघडून आवक क्रमांक २१२ माझ्यापुढे ठेवला. पाच मिनिटांत अक्षर लागले. 'कासव हिवाळ्याच्या झोपेत आहे. थंड जागीच राहू द्यावे. हलवू नये, उठवू नये. काही शंका असल्यास फोन करावा.' खाली नंबर. बाई परत आपल्या वहीकडे वळल्या. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.
पत्राला आवक क्रमांक अचूक दिला होता हे मात्र कुणीही लक्षात घेत नाही.

२७ फेब्रुवारी
सगळ्या कपाटांखाली वाकून पाहिले. कंबर धरली. कासव नाही. अहवाल प्राचार्यबाईंकडे पंधरालाच गेलाय, परत कसा मागणार? धोरण: ज्याचे डोके सापडत नाही त्याला कुणी शोधत बसत नाही. उद्या आत्मविश्वासाने वागणे.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४
मोजणी झाली. तेराशे बारा नगांपैकी तेराशे अकरा जुळले. हा निकाल उत्तमच म्हटला पाहिजे. शेवटी प्राचार्यबाईंच्या खोलीत बसलो. त्यांनी माझा अहवाल काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवायला लागल्या. मला बरे वाटत होते. एकेक पान वाचून झाले की त्या खाली, सोफ्याशेजारी ठेवत होत्या.
'मान व डोके आढळले नाही' इथपर्यंत आल्या आणि सोफ्याखालून ४७/१ बाहेर आले. मान चांगली चार बोटे लांब. खोली ओलांडून गेले, कुंडीतल्या रोपाचे खालचे पान ओढून खाल्ले, परत आले आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावर उत्सर्जन केले. हालचाल, अन्न, उत्सर्जन. श्वसनही आलेच. चार मिनिटांत.
प्राचार्यबाईंनी विचारले, हेच का ते? मी म्हटले, क्रमांक जुळतोय, मॅडम.
शिपाईमामा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

३ मार्च
भंगारवाला आला. तीन पायांच्या खुर्च्या आणि फुटका पृथ्वीगोल नेला. यादीत कासव होते म्हणून तेही मागू लागला. माझ्याच सहीची यादी. झटपटबाईंनी पुढे होऊन ती ओळ खोडली. मी पेटीपुढे उभा होतो, हात पसरून. का ते सांगता येत नाही. बहुधा वाटेत आलो असेन.

५ मार्च
ऑर्डर निघाली. मुख्य भांडारपाल: झटपटबाई. माझ्याकडे 'कासवाची देखभाल, सुट्टीच्या दिवसांसह, पुढील आदेशापर्यंत'. असा स्वतंत्र चार्ज कॉलेजात आजवर कुणालाच मिळालेला नाही.
वाईट वाटले. फार वाटले. घरी गेलो तर मुलीने दारावर कागद चिकटवला होता, 'अभिनंदन बाबा'. त्यानंतर काय सांगणार? म्हटले, थँक्यू.

१२ मार्च
सरांनी फोनवर सांगितले की कवचावरचा रंग काढला पाहिजे, पण रसायन लावायचे नाही, खरवडायचे नाही. ओल्या फडक्याने आणि नखाने, हळूहळू. रोज अर्धा तास. चार निघाला. सात हट्टी आहे. नखाने काढताना कासव मान बाहेर काढून बसते. कलमे वाचली तेव्हा एवढे लक्ष दिले नव्हते.

२० मार्च, दुपारी
कासव पुन्हा नाहीसे. तासाभराने सापडले, पोर्चमधल्या मोठ्या कुंडीवजा वाफ्यात. मागच्या पायांनी माती उकरत होते. मी म्हटले, करू दे, व्यायाम आहे. जवळ जाऊन पाहिले तर खड्ड्यात पाच पांढरी अंडी.
नर नव्हे, असे दिसते.
नोंदवहीत एक नग, जागेवर सहा. कमी पडले तर फॉर्म आहे. जास्त झाले तर फॉर्म नाही! सतरा वर्षांत भांडारातला नग स्वतःहून वाढलेला मी पाहिला नाही. झटपटबाईंनी नवीन रकाना आखला. पट्टी न घेता.
सर फोनवर म्हणाले की सोबत नर नसला तरी मादी अंडी घालते, पिल्ले निघतीलच असे नाही, तरी ऊब देऊन ठेवा, उलटवू नका. कासव अजून तरुण आहे, आणखी पन्नास वर्षे सहज काढेल. माझी निवृत्ती नऊ वर्षांनी. चार्ज कुणाला द्यायचा याचा आतापासून विचार करायला हवा. सोम्यागोम्याच्या हातात देता येणार नाही.

३० मार्च, रविवार
घरी सांगितले, मुख्य भांडारपालाला कसला रविवार. गेले पंचवीस दिवस सकाळचा चहा देताना बायको मला मुख्यसाहेब म्हणते. अंगावर मूठभर मांस चढते, आणि चहा काही केल्या गोड लागत नाही. आज सगळे सांगून टाकायचे असा संकल्प होता. बूट घालताना विचार बदलला.
दारात तिने पिशवी दिली. जिन्यात उघडली. डबा नव्हता. बिटाचा पाला होता, धुऊन, निवडून, बारीक चिरलेला.
वर बघितले तर ती कठड्यावर वाकून उभी. म्हणाली, झटपटबाईंचा फोन आला होता, पाच तारखेलाच. सर मनाला लावून घेतील, जरा सांभाळून घ्या म्हणाल्या. आणि अहो, कोबी फार घालू नका त्याला. जेवायला वेळेवर या, आम्ही थांबतो.
कासवाने सगळा पाला खाल्ला. अंड्यांवरचा दिवा पाहिला, नोंद केली. मग तिथेच बसून राहिलो. जेवायची वेळ झाली तरी, घरी गेल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे ते सुचले नव्हते.