टोपी काढून काढलेला फोटो

आमगाव,
१४ मार्च २०१०

प्रिय चंदाताई,

पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक वस्तू आहे, ती आधी उघडू नकोस. पत्र पूर्ण वाच, मग उघड. हे मी लिहितोय खरं, पण तुझा स्वभाव लहानपणापासून ओळखून आहे. राखीच्या पाकिटातला पेढासुद्धा तू मला देण्याआधी चाखून बघायचीस. तरी या वेळी ऐक. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग माझं निम्मं बोलणं वाया जातं.

बातमी चांगली आहे, एवढं आधी सांगून ठेवतो. आता सुरुवातीपासून सांगतो.

नागपूरच्या फोटोग्राफीच्या वर्गात शेवटच्या परीक्षेऐवजी एक काम असतं, हे तुला माहीत आहे. एक विषय निवडायचा आणि त्यावर बारा फोटो द्यायचे. मला वाटलं होतं, विषय निवडणं म्हणजे काय, तासाभराचं काम. सहा वर्षं लोकांची लग्नं काढली आहेत मी, कॅमेरा काही नवीन नाही. पण लग्नात विषय समोर येऊन उभा राहतो आणि "जरा हसा" म्हटलं की हसतो. इथे तो शोधायचा होता. मी नागझिऱ्याला तीन फेऱ्या मारल्या. वाघ दिसला, पण झाडाआड, आणि फोटोत आली नुसती शेपटी. केशोराव सरांनी तो फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले की वाघाला फोटो काढणारे पुष्कळ मिळतात, तू तुझं बघ. मग माघी पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत गेलो. तिथे कॅमेरे इतके की माझ्या प्रत्येक फोटोत कुणाचं तरी कोपर आलं. सरांनी ते पाहिले आणि चहा मागवला.

शेवटी नवेगाव बांधला गेलो, पहाटेचे कोळी आणि जाळी काढायला. आणि आता चिडू नकोस, तुझ्या सासरी गेलो. योगराजदाजींनी तुला सांगितलं नसेल, कारण मीच सांगू नका म्हटलं होतं. तुझ्या सासऱ्यांनी, मनिरामबुवांनी मला कुणाचा कोण हे विचारलंही नाही, पाटावर बसवलं आणि तळलेली मासोळी वाढली. तुझ्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत आपल्याकडून त्यांच्या उंबऱ्यावर कुणी गेलं नव्हतं. मला घास गिळताना लाज वाटली, हे खरं सांगतो.

तिथे भिंतीवर तुझ्या सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा हार घातलेला फोटो होता. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले, जणू कुणी पकडून आणलंय. मनिरामबुवा म्हणाले, ती अशी नव्हती, ती सारखी हसायची, पण घरात दुसरा फोटोच नव्हता. परत येताना मोटरसायकलवर मला आपल्या गावातल्या भिंती आठवायला लागल्या. किती घरांत तसेच घाबरलेले चेहरे टांगलेले आहेत, ताई. माणूस सत्तर वर्षं जगतो आणि भिंतीवर राहतं ते सरकारी कॅमेऱ्यापुढचं अर्धं मिनिट.

विषय सापडला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की तुम्ही गेल्यावर भिंतीवर कसे दिसायला आवडेल, आणि तसा फोटो त्यांच्या हयातीतच काढायचा. एक प्रत माझ्या कामाला, एक त्यांना. मला वाटलं होतं लोक अपशकुन म्हणून हाकलतील. उलट रांग लागली. शामकलाबाई नवं लुगडं नेसून आली, पण मांडीवर बिड्या वळायचं सूप घेऊनच बसली. म्हणाली, हात रिकामे असले की मी आत्ताच मेल्यावानी दिसतो. सगळ्यांनी केसांना कलप लावला, कुणी नातवाच्या लग्नातला कोट घातला. मागे आईची पांढरी चादर, पुढे आपली लाकडी खुर्ची. गावात त्या खुर्चीला नावच पडलं, वरची खुर्ची. चादरीपुढे एकटा बसलेला म्हातारा म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळायला लागलं. सरांना पहिले चार फोटो दाखवले तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मी आभाळात होतो.

आता जे तुझ्यापासून लपवलं ते सांगतो. शिव्या नंतर दे. जानेवारीपासून बाबूजींच्या गळ्याला डाव्या बाजूला एक गाठ होती. ते गमछा गुंडाळून फिरायचे म्हणून आईलाही उशिरा कळलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. त्या आठ दिवसांतला पहिला दिवस. मी अंगणात चादर बांधत होतो. बाबूजी आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माहा बी एक फोटो काढ."

ताई, मी चादरीचा दोर सोडून पुन्हा बांधत राहिलो. अकरा म्हाताऱ्यांना मी हसत हसत त्या खुर्चीत बसवलं होतं, आणि स्वतःच्या बापाला बसवता येईना. मी म्हटलं, आज ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली. तिसऱ्या दिवशी चादर धुवायला टाकली. ते रोज विचारायचे, मी रोज काहीतरी सांगायचो. मला वाटायचं, यांना आतून कळलंय आणि मी फोटो काढला की अहवाल वाईटच येईल. एवढा शिकलेला मी. रात्री आईला विचारलं, तर ती चुलीकडे तोंड करून बसली. विषय बदलून टाकावा, असंही मनात आलं. सरांना तसा फोनही केला होता.

शुक्रवारी अहवाल आला. साधी गाठ आहे, काही नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. आता घर हलकं झालंय. आईनं गावभर चिवडा वाटला आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही. मी काल दुपारी चार तास झोपलो, महिन्याभरात पहिल्यांदा.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारच्या संध्याकाळचं. नागपूरहून परत येऊन आम्ही आमगावला उतरलो. गाडी सुटली तरी बाबूजी फलाटावरच्या बाकावर बसून राहिले, गाडीच्या शेवटच्या डब्याकडे पाहत. मग विचारलं, "हे गाडी भिलाईले कितीले पोचते?" मी सांगितलं. तू राहतेस त्या गावाचं नाव त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. थोड्या वेळानं म्हणाले, "फोटो उद्या काढशील ना?" मी हसून म्हटलं, बाबूजी, आता कशाला, आता तर तुम्ही शंभर वर्षं जगणार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी हिशोबात चुकलो की लहानपणी पाहायचे.

"भितीवर टांगाचा हाय म्हनून तुले कोनं सांगतलं? चंदीले धाडाचा हाय."

ते म्हणाले, आई मागच्या वाडीत जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते ते त्यांना कधीपासून माहीत आहे. तुझी हर्षिता शाळेत जाते, तेही माहीत आहे. मग गमछा चाचपत म्हणाले, "मीनंच तिले म्हटलं होतं, माहं तोंड पाहू नोको. आता थे काऊन येईल? मले पाहून घाबरून जाईल पोरगी. मी म्हातारा झालो, हे तिले आधी पाहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर बांधायला गेलो, तर नको म्हणाले. दारातच खुर्ची मांडली. कलप नाही, कोट नाही. टोपी स्वतः काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, पांढरे केस नीट येऊ दे. पुढचे दोन दात पडलेत तेही दिसू दे. इतकी माणसं त्या खुर्चीत बसून तरुण दिसायची धडपड करून गेली, आणि हा एक माणूस आपलं म्हातारपण मोजून दाखवत होता. मी फोटो तीनदा काढला. हा फोटो मी सरांना देणार नाही, माझे बारा दुसरे होतील.

गळ्याला चिकटपट्टी दिसेल. ती पाहून तू काहीबाही समजू नयेस, म्हणून तर एवढं लांबलचक पत्र. फोटो नुसता पाठव, चिठ्ठी नको, असं बाबूजी म्हणाले होते. नऊ वर्षांपूर्वी ज्या दारातून तू गेलीस, ते त्याच दारात बसले आहेत, तोंड रस्त्याकडे. हर्षिताला जवळ घे आणि आता उघड.

तुझाच,
भुवन