नव्या मालकाचा म्हैसूरपाक

अण्णा, आमची कंपनी विकली गेली त्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर म्हैसूरपाकाचा डबा आला आणि मला तुम्ही आठवलात. चामराजपेटच्या शिलाई कारखान्याला नवा मालक आला तेव्हा असाच डबा तुम्ही घरी आणून माळ्यावर ठेवला होता. आम्ही पोरं खाली टाचा उंचावून उभी, आणि तुम्ही म्हणताय, "मालकानं फुकट गोड दिलं की समजायचं, आपलं माप घेतोय." शेवटी मुंग्यांचीच चंगळ झाली. दिवाळीआधी तुमचं काम गेलं आणि तुमचा शब्द आमच्या घरात वेदवाक्य होऊन बसला.

म्हणून मीही डबा उघडला नाही. लहान दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर फोनवर कन्नडमधून समजावणं हे माझं काम. नवे साहेब म्हणाले, तुम्ही कंपनीचा कणा. मी मनात म्हटलं, झालं, आता कणा मोडणार. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्या कामातले बारकावे विचारू लागली. हिला वरूनच पढवलं असणार! मी अर्धवट उत्तरं दिली, तिच्याबरोबर दुपारचं जेवणही सोडलं. बाकीचे गोड खाऊन हसत होते, मला त्यांची कीव येत होती. मग कंपनीनं दिशा बदलली. लहान दुकानं नकोत, आता फक्त मोठ्या बँका. एका सकाळी आमच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं, तिलाही.

माझा संशय खरा ठरला, अण्णा, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ज्यांनी खाल्लं त्यांचंही काम गेलं, पण ते अजून एकमेकांकडे जातात, कुठे जागा निघाली तर कळवतात. मला कोणी बोलावत नाही. राग येतो, आणि त्यांचा नाही, तुमचा येतो. हे तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, आता पाठवायला पत्ता नाही.

काल दुपारी त्या मुलीचा फोन आला. मी तुटकपणे विचारलं, "काय काम होतं?" ती म्हणाली, "केलस एनू इल्ला, अक्का. ऊट आयता?" काम काही नाही, जेवलात का, एवढंच. मी हो म्हणून फोन ठेवला. जेवले नव्हते. नाही म्हटलं असतं तर तिनं घरी बोलावलं असतं, आणि मी गेले असते.